रिसेप्शनवरची सगळ्यात हसरी मुलगी लिनन रूममधे रडत होती, मी काय करायला हवं होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही हॉटेलात ड्यूटी मॅनेजर आहात, हाताखाली १४ जण, त्यातली रिसेप्शनवरची सगळ्यात हसरी मुलगी गेल्या आठवड्यात लिनन रूममधे, म्हणजे चादरी-टॉवेलच्या खोलीत, रडताना दिसली. एका गेस्टने तिला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललं होतं. तुम्ही गडबडून 'अगं जाऊदे, गेस्ट असतातच असे' म्हणालात, ती डोळे पुसून परत डेस्कवर गेली आणि तेव्हापासून तुमच्याशी कामापुरतंच बोलते. मॅनेजमेंटने योगाचा तास ठेवलाय आणि हेल्पलाइनचं पोस्टर लावलंय, पण तिकडे कोणी फिरकत नाही. आणि तुम्ही विचारलंय की मी काही समुपदेशक नाही, मग मी नेमकं करायचं काय.

मी २२ वर्षं ह्या लाइनमधे आहे, पहिली ९ फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंगमधे काढली, मग ट्रेनिंगमधे होते, आणि मधे समुपदेशनाचं शिक्षण घेऊन गेली ८ वर्षं फक्त हॉटेल-रेस्टॉरंटच्या स्टाफबरोबर काम करते. तुमच्यासारखा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्याला मनापासून काळजी असते पण हातात काय आहे ते माहीत नसतं. हातात बरंच काही असतं, खरं सांगायचं तर माझ्या हातात असतं त्याहून जास्त तुमच्या हातात आहे. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा महिने गेलेले असतात. तुम्ही तिथे त्याच क्षणी असता.

आधी 'जाऊदे' बद्दल. तुम्ही ते चांगल्या मनाने म्हणालात ह्यात मला शंका नाही, आपल्याकडे ते इतकं रुळलंय की तोंडातून आपोआप निघतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून काय ऐकू येतं ते बघा. हे रोजचंच आहे, कोणी मोजत नाही, आणि तुला लागलं असेल तर तूच नाजूक आहेस. म्हणजे गेस्टने एकदा अपमान केला आणि मग आपल्याच माणसाने सांगितलं की तो अपमान नव्हताच. ती तुमच्यावर रागावलीये असं मला वाटत नाही, तिने फक्त ठरवून टाकलंय की ह्या माणसाला पुढच्या वेळी सांगायचं नाही.

आता ती सगळ्यात हसरी होती आणि तरी रडत होती ह्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय, त्याबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथेच बहुतेक मॅनेजरांची गल्लत होते. स्टाफ जिथून मागच्या बाजूने गेस्टच्या बाजूला जातो त्या दारापाशी बऱ्याच हॉटेलांत एक आरसा असतो, बाजूला लिहिलेलं असतं केस नीट करा, नेमप्लेट सरळ करा, हसा. मी कितीतरी मुलांना त्या आरशासमोर पाहिलंय. नुकतंच फोनवर घरच्यांशी भांडण झालेलं असतं, डोळे लाल असतात, दोन सेकंद थांबतात, चेहरा बदलतात आणि दार ढकलून बाहेर जातात. ते दोन सेकंद म्हणजे काम आहे, भरलेला ट्रे उचलून नेण्याइतकंच काम, फक्त ते दिसत नाही आणि पगाराच्या स्लिपवर त्याची ओळ नसते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड ह्यांनी १९८३ मधे ह्याला भावनिक श्रम असं नाव दिलं, त्यांनी विमानातल्या केबिन क्रूचा अभ्यास करून ते मांडलं होतं पण वाचताना वाटतं आपल्या लॉबीत उभं राहूनच लिहिलंय. त्यांनी दोन प्रकार सांगितले, एक म्हणजे आत काहीच नसताना वरवर हसणं, आणि दुसरं म्हणजे स्वतःला समजावून, समोरच्याची बाजू मनात आणून खरंच तसं वाटवून घेणं. नंतर बऱ्याच संशोधकांनी हे तपासलं आणि पुन्हा पुन्हा हेच दिसलं की वरवरचं हसणं माणसाला जास्त पिळून काढतं, कारण आत एक आणि बाहेर एक असं आठ-दहा तास धरून ठेवावं लागतं. म्हणून हसरा आहे म्हणजे बरा आहे असं धरून चालू नका, हसू हा युनिफॉर्मचाच भाग आहे. माणूस कसा आहे हे बघायचं असेल तर तो स्टाफ कॅन्टीनमधे एकटा बसलेला असताना बघा, लॉकर रूममधून बाहेर पडताना बघा.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. हॉटेलचं नाव घेत नाही. ओव्हरबुकिंग झालं होतं, म्हणजे खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतलं होतं, रात्री उशिरा एक गेस्ट आला, रूम तयार नव्हती, त्याने ऐकून घेतलं नाही आणि समोरचं रजिस्ट्रेशन कार्ड उचलून माझ्या तोंडावर फेकलं. जाड कागद, त्याचा कोपरा डोळ्याच्या खाली लागला, रक्त वगैरे नाही, बारीकसा चरा. माझे मॅनेजर आवाज ऐकून आले. ते आले तेव्हा मला वाटलं चला सुटले. ते सरळ गेस्टकडे वळले, त्याला वरच्या कॅटेगरीतली रूम दिली आणि मला म्हणाले, सरांना सॉरी म्हण. मी म्हणाले. मागे अजून दोन गेस्ट रांगेत होते, त्यांचंही चेक-इन मीच केलं, 'वेलकम सर' म्हणाले, आवाज अगदी नेहमीसारखा आला आणि मला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. त्या गेस्टचा चेहरा आज मला आठवत नाही. मॅनेजरची पाठ आठवते. माझ्याकडे पाठ करून ते गेस्टशी बोलत होते तो त्यांचा कोट, खांद्यावरची ती सुरकुती, सगळं आठवतं. पुढे माझ्याकडे जी जी माणसं बोलायला आली त्यांच्याकडूनही मी थोड्याफार फरकाने हेच ऐकलंय, की गेस्टचं विसरलो, पण आपलं माणूस तेव्हा कुठे उभं होतं ते विसरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधार हा शिफ्ट चालू असतानाच पोचायला पाहिजे, घटना घडल्यापासून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, आणि तो कोणत्या योजनेकडून नाही तर जवळच्या वरिष्ठाकडून. त्या वीस मिनिटांत मी काय करते ते सांगते.

पहिलं, शरीराने मधे जायचं. लांबून हाताने खुणा करायच्या नाहीत, गेस्ट आणि आपला माणूस ह्यांच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि शांतपणे म्हणायचं, 'सर, मी ड्यूटी मॅनेजर, ह्यापुढचं मी बघतो.' आणि तिला तिथून निघायला एक साधं कारण द्यायचं, 'तू जरा आतलं अरायव्हलचं बघून घे' एवढंच. कारण द्यायचं ते ह्यासाठी की नुसतं 'तू जा' म्हटलं तर गेस्टला वाटतं तिला बाजूला काढलं म्हणजे चूक तिची होती, आणि तिलाही तसंच वाटतं. रूम बदलून द्या, बिलात काही कमी करा, तो तुमचा धंद्याचा निर्णय आहे, पण तिने न केलेल्या चुकीची माफी तिच्या तोंडून वदवून घेऊ नका. माफी हवीच असेल तर हॉटेलच्या वतीने तुम्ही मागा.

मग आत जा, पाच मिनिटांच्या आत. पाणी द्या, बसवा, तुम्हीही बसा, उभ्याने बोललं की ते चौकशीसारखं वाटतं. आणि तीन वाक्यं पुरतात. मी पाहिलं. ते चुकीचं होतं. तू नीट वागलीस. (पाहिलं नसेल तर 'मला कळलं काय झालं' म्हणा, खोटं बोलू नका.) ह्यानंतर गप्प बसता आलं पाहिजे, आणि हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला सवय प्रॉब्लेम सोडवायची, गेस्ट ओरडला की दहा सेकंदांत उत्तर द्यायची. इथे उत्तर द्यायचं नसतं. ती रडली तर रडू द्या, बोलली तर ऐका, काहीच बोलली नाही तर त्यातही काही बिघडत नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवते कारण चांगल्या हेतूने लोक हे करतात. काय काय झालं ते पहिल्यापासून सांग, तुला तेव्हा काय वाटलं, आत्ता काय वाटतंय, असं खोदून खोदून विचारायचं नाही, सगळ्या टीमला गोल बसवून तर अजिबात नाही. मोठ्या धक्क्यानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत एकेकाळी फार चालायची, नंतर अभ्यासातून दिसलं की त्याचा फायदा होत नाही आणि काहींना उलट त्रास होतो. आता जागतिक आरोग्य संघटना जो मानसिक प्रथमोपचार सांगते, त्यांची २०११ ची मार्गदर्शिका आहे, त्यात तीनच गोष्टी आहेत, पाहा, ऐका, जोडून द्या. तो कोणालाही करता येतो, त्याला डिग्री लागत नाही, आणि तुम्ही विचारलंत ना की मी समुपदेशक नाही मग काय करू, तर हे करा.

त्यानंतर एक प्रश्न विचारा, 'परत डेस्कवर यायचंय की आज आतलं काम घेतेस?' आणि ती जे म्हणेल ते खरंच करा. हा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय. रॉबर्ट कॅरासेक ह्यांनी १९७९ मधे मांडलेलं एक मॉडेल आहे, त्यात असं आहे की कामाचा बोजा जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त आजारी पाडते. आपल्या लाइनमधे बोजा कमी करणं नेहमीच शक्य नसतं, हाऊसफुल आहे तर आहे, पण हातात काहीतरी देणं शक्य असतं. अपमान झाला त्या क्षणी माणसाच्या हातातून सगळं गेलेलं असतं, त्यामुळे लहानशी निवडसुद्धा मोठी वाटते. काही जण लगेच परत जायचं म्हणतात, त्यांना पळून गेल्यासारखं नको असतं, त्यांना जाऊ द्या, बाजूला जरा वेळ उभे राहा.

आणि शिफ्ट संपताना दोन मिनिटं भेटा आणि घटना लॉग बुकमधे लिहा. एसी बंद पडला तर लिहितो, गळती झाली तर लिहितो, मग स्टाफवर गेस्ट हात उगारून गेला तर ते का लिहीत नाही? लिहिलं की पुढच्या शिफ्टला कळतं, तो गेस्ट परत आला तर कोणीतरी तयार असतं, आणि तीन महिन्यांनी तुम्ही वरती बोलायला जाता तेव्हा हातात कागद असतो. शिवाय तिला दिसतं की हे मोजलं गेलं.

आता रोस्टर, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी ते वेळापत्रक. हे वाचून तुम्हाला वाटेल भावनिक आधाराच्या गप्पांत रोस्टर कुठून आलं, पण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात माणसांच्या बोलण्यात मुळाशी झोप असते. रात्री क्लोजिंग करायचं, सगळं आवरून घरी पोचेपर्यंत एक-दीड वाजतो, डोकं अजून फ्लोअरवरच असतं म्हणून झोप यायला तीन, आणि सकाळी ओपनिंगला सात वाजता हजर. किंवा ब्रेक शिफ्ट, सकाळी चार तास, संध्याकाळी पाच तास, मधले चार तास ना घरी जाऊन येण्याइतके ना झोपण्याइतके, लॉकर रूमच्या बाकावर बसून फोन बघण्यात जातात, कागदावर नऊ तास आणि प्रत्यक्षात सगळा दिवस. असं तीन आठवडे केलेल्या माणसाला गेस्टचं एक वाकडं वाक्य पुरतं. आपण म्हणतो हल्लीची मुलं फार हळवी. ती झोपलेली नाहीत हो.

युरोपियन युनियनच्या २००३ च्या कामाच्या वेळांच्या नियमात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती असा किमान आकडा आहे. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते वेगळं, पण हा आकडा समोर ठेवून तुमचं पुढच्या दोन आठवड्यांचं रोस्टर घ्या आणि एका शिफ्टचा शेवट ते पुढच्या शिफ्टची सुरुवात असे तास मोजा, जिथे ११ पेक्षा कमी येतात तिथे लाल पेनाने गोल करा. मी हे ट्रेनिंगमधे करून घेते आणि दर वेळी खोलीत शांतता पसरते, कारण गोल सारखे त्याच दोन-तीन नावांवर येतात, जे कधी नाही म्हणत नाहीत त्यांच्यावर. तुमची ती मुलगी त्यात असेल असं मला आत्ताच वाटतंय. दुसरं म्हणजे रोस्टर आधी द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खास हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी १९९१ चा एक करार आहे, क्रमांक १७२, त्यात हे स्पष्ट आहे की शक्य असेल तिथे कामाचं वेळापत्रक पुरेसं आधी कळवा म्हणजे माणसाला स्वतःचं आणि घरचं आयुष्य आखता येईल. रविवारी रात्री ग्रुपवर सोमवारचं रोस्टर टाकायचं, ह्यात माणूस ना कोणाला भेटू शकतो ना डॉक्टरची वेळ घेऊ शकतो. आणि सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा आपण कामावर, आपण सुट्टीवर तेव्हा सगळे कामावर, ह्यात मित्र हळूहळू तुटतात, मग उरतात फक्त कामावरचे, आणि कामावर बिघडलं की मग कोणीच नाही. महिन्यातून एक तरी शनिवार-रविवार प्रत्येकाला मिळेल असं बघा, आळीपाळीने. हे तुमच्या अधिकारात आहे, ह्यासाठी वरती विचारायलाही लागत नाही.

टिप्सबद्दल थोडक्यात. जिथे घर टिपवर चालतं तिथे माणूस गेस्टचा हात खांद्यावर पडला तरी गप्प बसतो, कारण तोच हात पैसे देणार असतो. वर सांगितलेल्या क्रमांक १७२ च्या करारातच टिप्स असोत-नसोत मूळ वेतन नियमित मिळालं पाहिजे असं म्हटलंय ते उगाच नाही. आणि खोल्या आवरणाऱ्या रूम अटेंडंट तर बंद दाराआड एकट्या असतात. शिकागोत तिथल्या हॉटेल कामगारांच्या युनियनने २०१६ मधे हॉटेल आणि कसिनोत काम करणाऱ्या सुमारे ५०० बायकांना विचारलं तेव्हा हॉटेलवाल्यांपैकी ५८ टक्के जणींनी गेस्टकडून लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, त्यानंतर २०१७ मधे त्या शहरात कायदाच झाला की खोलीत एकटीने काम करणाऱ्या बाईला मदतीसाठी दाबायचं बटण द्या. तुमच्याकडे बटणं नसतील तर निदान हा नियम आजपासून करा, की खोलीत अस्वस्थ वाटलं तर ट्रॉली आहे तिथे सोडून निघायचं, रूम अर्धी राहिली तरी कोणी एक शब्द विचारणार नाही, आणि त्या खोलीत त्या दिवशी परत एकटं कोणी जाणार नाही. हे ब्रीफिंगमधे मोठ्याने सांगा, सगळ्यांसमोर, एकदा नाही दर महिन्याला. बाईला एकदा कळलं की मी ट्रॉली सोडून आले तरी चालतं, की तिचं अर्धं ओझं तिथेच उतरतं, मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

किचन आणि बारच्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं कारण ती रडत नाहीत. ती चिडतात, भांडी आपटतात, ज्युनिअरवर ओरडतात, आणि शिफ्टनंतर पितात. दारू हाताशी असते, रात्री दोनला दुसरं काही उघडं नसतं, आणि सर्व्हिसमधे अंगात भरलेली ती धावपळ उतरवायची कशी हे कोणी शिकवलेलं नसतं. एक-दोन घेतल्यावर झोप लागते हे खरं, पण ती झोप पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशी माणूस आणखी खचलेला असतो, मग त्या रात्री परत. अमेरिकेत २०१६ मधे ह्याच व्यवसायातल्या लोकांनी दारूपासून लांब राहू पाहणाऱ्या आपल्याच लोकांसाठी बेन्स फ्रेंड्स नावाचा गट सुरू केला, ब्रिटनमधे २०१९ मधे ह्या व्यवसायातल्या लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी द बर्न्ट शेफ प्रोजेक्ट सुरू झाला, दोन्हीकडे मूळ कल्पना तीच की किचनमधल्या माणसाचं किचनमधल्या माणसाला समजतं. तुमच्या पातळीवर करता येण्यासारखं म्हणजे क्लोजिंगनंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसून काहीतरी खाऊन मग निघायचं, आणि चांगल्या रात्रीचं बक्षीस म्हणून दारू देणं बंद करायचं. आणि हो, शेफ ओरडतो म्हणजे किचन असंच असतं हे म्हणणं सोडा. ते असंच असतं कारण त्याच्यावरही कोणीतरी तसंच ओरडलेलं असतं.

कधी हे तुमच्या हाताबाहेरचं आहे ते ओळखायचं कसं? बर्नआऊट हा शब्द आता सगळेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली त्यात तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे, आणि खुणा तीन आहेत. पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याला आता काही नीट जमत नाही असं वाटणं. ह्यात बऱ्याचदा कामाची मांडणी बदलली, नीट विश्रांती मिळाली की माणूस सावरतो. नैराश्य वेगळं. सुट्टीच्या दिवशीही तेच, आवडत्या गोष्टीतही मन नाही, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे किंवा जास्त, झोप-भूक बिघडलेली, तर मग डॉक्टरकडे जायलाच हवं आणि तुम्ही फक्त नंबर देऊन मोकळं होऊ नका, वेळ घ्यायला मदत करा, त्या दिवशी सुट्टी द्या, हवं असेल तर दारापर्यंत सोबत जा. आणि कोणी बोलता बोलता 'मी नसलो तरी काय फरक पडतो' अशा अर्थाचं काही म्हणालं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात जातो ही भीती चुकीची आहे, उलट विचारल्यावर बहुतेकांना मोकळं वाटतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरचं माणूस आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइन तेव्हाच गाठायची, शिफ्ट राहू दे बाजूला. ही गोष्ट गुपित ठेवायचं वचन देऊ नका.

योगाचा तास आणि पोस्टर, ह्याच्या मी विरोधात नाही. पण २०२४ मधे ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग ह्यांचा ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कामगारांच्या माहितीवरचा अभ्यास आला, त्यात ताण हाताळायचे वर्ग, माइंडफुलनेस, वेलनेस ॲप वगैरेमधे भाग घेतलेले आणि न घेतलेले ह्यांच्यात फरक जवळजवळ दिसला नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. ब्रेक शिफ्टच्या मधल्या चार तासांत योगाचा तास ठेवला तर माणूस थकतोच. तो तास ड्यूटीच्या वेळेत धरा, मग कोण येतं ते बघा. पोस्टरचं म्हणाल तर ते कॅन्टीनच्या भिंतीवर नको, तिथे नंबर लिहून घेताना सगळे बघतात, टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

तुमच्याबद्दल दोन शब्द, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री घरी गेल्यावर मला बोलायचीच इच्छा होत नाही. वरून जनरल मॅनेजरचा गेस्टच्या रिव्ह्यूच्या आकड्यांवरून दबाव, खालून टीम, आणि मधे तुम्ही, तुमचंही हसू युनिफॉर्मचंच आहे. तुमच्या पातळीवरचा दुसऱ्या हॉटेलातला एखादा माणूस शोधा, आठवड्यातून एकदा फोन, अर्धा तास, दोघांनी आळीपाळीने बोलायचं. माझा असा फोन गेली ११ वर्षं चालू आहे आणि त्याशिवाय मी हे काम करू शकले नसते.

आता तिच्याकडे जायचं. आठवडा झालाय म्हणून उशीर झाला असं समजू नका. शिफ्टच्या सुरुवातीला नको, तिला लगेच चेहरा लावून बाहेर जायचं असतं, शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधी डेस्कवर दुसरं कोणी बसवून तिला आत बोलवा, म्हणजे तिचा स्वतःचा वेळ जाणार नाही. म्हणा, 'त्या दिवशी मी जाऊदे म्हणालो ते चुकलं माझं. तो माणूस जे बोलला ते चुकीचं होतं आणि मी तिथे यायला हवं होतं.' 'पण माझ्यावरही तेव्हा लोड होता' असं पुढे जोडू नका. ती कदाचित 'नाही सर, ठीक आहे, मी विसरले' म्हणेल आणि हसेल, तेच हसू. तिथे खूश होऊन उठू नका. म्हणा, 'बरं. पुढच्या वेळी मला लगेच बोलव, मी डेस्कवर येईन.' आणि मग पुढच्या दोन आठवड्यांचं रोस्टर टेबलावर ठेवा, लाल गोलांसकट, आणि पेन तिच्या हातात द्या.